डॉ. वसंतराव खानोलकर : सवयींतून रोग शोधणारे संशोधक

आमच्या पडवीतल्या कोनाड्यात एक पितळेची डबी असे. ती आजेसासूबाईंच्या मशेरीची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि दिवसातून चार-पाच वेळा बोटाने दातांना लावायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्याने दात बळकट राहतात आणि पोटही साफ होते, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी नवी सून म्हणून ह्या घरात आले, त्याच सुमारास त्यांच्या गालाच्या आत एक व्रण झाला. तो काही केल्या भरेना. त्या काळी विजयदुर्गाहून मुंबईची बोट मिळत असे. बोटीने त्यांना मुंबईला नेले, परंतु फार उशीर झाला होता. घरात सर्वांनी नशिबाला बोल लावला. डबीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

पुष्कळ वर्षांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या कार्याविषयी वाचनात आले, तेव्हा ती डबी मला आठवली. आम्ही ज्याला नशीब म्हणत होतो, त्याचे कारण ह्या गृहस्थांनी तोवर शोधून जगापुढे मांडलेही होते. म्हणून आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतून त्यांचा परिचय भगिनींना करून द्यावा असे मनात आले.

खानोलकर हे आडनाव ऐकले की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेंगुर्ल्याकडचे खानोली गाव आठवते. वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबात झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेला गेले आणि १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळविली. त्यांचा विषय विकृतिशास्त्र, म्हणजे रोगामुळे शरीरात काय काय बदल होतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरविण्याचे शास्त्र. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले.

१९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या, आणि दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुखपद वसंतरावांकडे आले, आणि त्यांच्या खऱ्या जीवनकार्याला येथूनच आरंभ झाला.

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे तो क्वचितच आढळतो, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. रुग्णालयात तर देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येत होते. प्रयोगशाळेत आलेला मांसाचा तुकडा तपासून रोगाचे नाव लिहून दिले की विकृतिशास्त्रज्ञाचे काम संपते. वसंतराव तेवढ्यावर थांबले नाहीत. हा रोगी कोणत्या प्रांतातला, कोणत्या समाजातला, काय खातो, काय चघळतो, कपडा कसा नेसतो, ह्याचीही त्यांनी नोंद ठेवली. अशा नोंदी जमत गेल्या तसे त्यांतून एक चित्र दिसू लागले. कर्करोग शरीरात कोठे होतो, हे माणसाच्या राहणीवर पुष्कळसे अवलंबून होते.

आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाचा जाड विडा ओढतात. तेथील कष्टकरी बाया तो उलटा, म्हणजे पेटते टोक तोंडात धरून ओढीत. त्यांना टाळूचा कर्करोग होई. बिहारकडे तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठामागे धरून ठेवतात. तेथे रोग त्याच जागी. कमरेला धोतर वर्षानुवर्षे करकचून बांधणाऱ्या पुरुषांना कमरेच्या वळावर कातडीचा कर्करोग झालेला आढळला. १९४५ साली ह्या विषयावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यात डॉ. सूर्याबाई ह्या त्यांच्या सहलेखिका होत्या. परकराची नाडी फार घट्ट बांधल्याने स्त्रियांनाही असाच रोग होऊ शकतो, हे पुढच्या काळातल्या डॉक्टरांनी दाखविले आहे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवलेली बरी.

त्यानंतर १९५५ साली डॉ. संघवी व डॉ. राव ह्यांच्यासह त्यांनी एक महत्त्वाचे संशोधन इंग्लंडातील प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. कर्करोग झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना तंबाखूच्या सवयी विचारून त्यांनी तुलना केली. तंबाखू चघळणाऱ्यांना मुख्यत्वे तोंडाचा, तर ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी व घशाचा कर्करोग अधिक, असे त्यात दिसून आले. लंडनमध्ये सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध नुकताच, १९५० च्या सुमारास, पुढे आला होता. आपल्याकडच्या पानतंबाखूचा हिशेब आपल्याच माणसाने मांडावा, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले व वसंतराव त्याचे संचालक झाले. डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ आणि आकडेशास्त्र जाणणारे ह्यांना एका छपराखाली आणून काम करून घेणे सोपे नव्हे. ते त्यांनी करून दाखविले. डॉ. कमल रणदिवे ह्यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे ह्या केंद्रात शरीराच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. डॉ. सत्यवती सिरसाट ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग सांभाळला. बायकांनी प्रयोगशाळेत काय करायचे, असे विचारणारे घरोघरी होते त्या काळातली ही हकीकत आहे.

कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे संशोधन केले. ह्या रोगाचे जंतू मज्जातंतूंत आरंभीच शिरकाव करतात, ह्याकडे त्यांनी लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक तज्ज्ञमंडळावर ते होते. १९६० ते १९६३ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण हा किताब व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मानही त्यांना लाभला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलात खानोलकर शोधिका नावाची वास्तू आहे.

आता एक गोष्ट मनाला लागून राहते. तंबाखूचा दोष १९४५ व १९५५ साली त्यांनी दाखवून दिला. तंबाखूच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा मात्र २००३ साली झाला, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली. शास्त्रज्ञाने सांगितल्यावर सरकारी कागद हलायला अर्धे शतक गेले. मशेरीचे तर आणखी अवघड. ती आपल्याच चुलीवर भाजली जाते, आपल्याच कोनाड्यात राहते. तेथवर कोणता शिपाई पोहोचणार? तेथे पोहोचू शकतो तो आपणच.

२०१६ पासून सरकारने तिशीपुढील सर्वांसाठी आरोग्य तपासणीची योजना आखली आहे. तीत तोंड, स्तन व गर्भाशयाचे मुख ह्या तीन जागांच्या कर्करोगाची पाहणी येते. गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण झाला, तोंड पुरते उघडेनासे झाले, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवावे. वेळीच कळले तर रोग बरा होण्याची आशा पुष्कळ असते. आमच्या आजेसासूबाईंना हे सांगणारे कोणी भेटले नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. ह्या वर्षी हळदीकुंकवाला घरोघर जाऊ तेव्हा कोणत्या घरात मशेरी लागते, किती बायका लावतात, कितव्या वर्षापासून लावतात, एवढे गोडीगुलाबीने विचारून वहीत टिपून घ्यावे. कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त विचारायचे आणि लिहायचे. वसंतरावांनीही आरंभ ह्याच मार्गाने केला होता. त्या वहीत ज्यांची नावे येतील त्या सर्वांना तपासणीच्या दिवशी आपण सोबत घेऊन जाऊ.