फोली : पेटंट हुकले, नाव राहिले

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात सिझेरियन झालेल्या बाईच्या खाटेला लघवीची पिशवी अडकवलेली दिसते. तिच्या नळीला सिस्टर फोलीज म्हणतात. ते एका डॉक्टरचे नाव आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

फ्रेडरिक फोली यांचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट क्लाउड येथे झाला. येल विद्यापीठात ते आधी भाषा शिकले. मग वैद्यकाकडे वळून १९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाले आणि पुढे सेंट पॉल शहरात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावले.

मूत्राशयात नळी घालण्याची पद्धत फार जुनी. अडचण होती ती नळी आत टिकवण्याची. कुणी ती दोऱ्याने बांधत, कुणी चिकटपट्टी लावत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून धरण्यासाठी फोलींनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. फुगवलेल्या फुग्यामुळे नळी बाहेर घसरतही नसे. १९३५ मध्ये त्यांनी ही नळी अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या सभेत दाखवली. पेटंट मात्र १९३६ मध्ये एका रबर कंपनीच्या पॉल रेश यांना मिळाले. फोली भांडले, एका अपिलात जिंकलेही. पण शेवटी हक्क गेलाच. बार्ड कंपनीने नळी विकताना नाव फोलींचे दिले, तेच टिकले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुरुषांच्या शस्त्रक्रियेसाठी सुचलेला फुगा आज असंख्य बाळंतिणींच्या कामी येतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. नळी लवकर आत जाते, तसे जंतूही जातात. म्हणून आधी बाईला समजावून सांगणे, पडदा लावणे, हात धुणे, निर्जंतुक हातमोजे घालणे आणि जागा पुढून मागे पुसणे आवश्यक असते. नळी चुकून योनीमार्गात गेली, तर ती खुणेपुरती तिथेच ठेवून नवी निर्जंतुक नळी घेतात. लघवी येऊ लागल्यावर नळी आणखी थोडी आत सरकवून मगच फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात. घाई करून फुगा मूत्रमार्गातच फुगवला, तर इजा होते.

एवढी काळजी घेऊनही, नळी राहील त्या प्रत्येक दिवशी मूत्रात जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते. त्यात बायका अशा तक्रारी बोलत नाहीत. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला.

म्हणून नातेवाइकांनीच विचारत राहावे. भामरागड-एटापल्लीहून रुग्णवाहिकेने लांब जाताना पिशवी कमरेच्या खाली ठेवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. नळीचा सांधा उघडू नये. थंडी-ताप आला, ओटीपोट दुखले किंवा पिशवीत लघवी येईनाशी झाली, तर लगेच सांगावे. नळी काढल्यावर ६ तासांत लघवी झाली नाही, तरीही सांगावे. आणि नळी आहे तोवर रोज सकाळी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : ही अजून लागते का?