भिंग आणि कुंचला : मेजर रॉबर्ट गिल

फर्दापूर हे सोयगाव तालुक्यातले तसे लहानसे गाव. अजिंठ्याची लेणी पाहायला येणारा माणूस या गावावरून जातो. पण गावाकडे पाहतो असे नाही. हल्ली खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतात आणि तेथून पुढचे चारेक किलोमीटर बसने जावे लागते. आमच्या सहलीतही तसेच झाले. लेण्यांसमोरच्या डोंगरावर आम्ही उभे होतो. खाली वाघोरा नदीचे वळण होते आणि पलीकडे कड्यात कोरलेली लेण्यांची रांग. एका मित्राजवळ झूम लेन्सचा कॅमेरा होता. त्याने जागचे न हलता लेन्सवरचे कडे जरासे फिरवले आणि दूरवरच्या चैत्याची कमान हाताशी आल्यासारखी दिसू लागली. आम्हा सर्वांना मोठी गंमत वाटली. त्या क्षणी मला आठवण झाली ती ज्याला एका छायाचित्रासाठी सारा संसार पाठीवर घेऊन कडा चढावा उतरावा लागे, अशा एका माणसाची. तो माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल.

गिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ रोजी झाला. तरुण वयातच ते हिंदुस्थानात आले आणि मद्रास सैन्याच्या ४४ व्या देशी पायदळ पलटणीत अधिकारी झाले. चित्रकलेचा हात त्यांना चांगला होता. इकडे अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडून पाव शतक होत आले होते. कुणी चित्रांचे तुकडे खरवडून नेत होते, तर कुणी भिंतीवर आपले नाव कोरत होते. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी लेण्यांवर निबंध लिहून हा ठेवा नष्ट होण्यापूर्वी त्याच्या नकला करून घ्याव्यात असा आग्रह धरला. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने ती मागणी ईस्ट इंडिया कंपनीपुढे मांडली आणि १८४४ मध्ये या कामावर कॅप्टन गिल यांची नेमणूक झाली. त्यांचे वय तेव्हा चाळिशीचे होते.

काम थोड्या वर्षांत उरकेल असे नेमणाऱ्यांना वाटले असावे. गिल यांचे मात्र उरलेले सारे आयुष्य या डोंगरातच गेले. अजिंठा गावातील बारादरी हे त्यांचे घर झाले. तेथून घाट उतरून लेण्यांपर्यंत यायचे, वटवाघळांची घाण आणि शतकांचा धूर यांनी माखलेल्या भिंतींसमोर बसायचे, उन्हाची तिरीप आत शिरेल तेवढ्या वेळात रंग ओळखायचा आणि तो मोठ्या कापडावर तैलरंगात उतरवायचा, असा त्यांचा क्रम होता. भोवताली रान होते आणि रानात वाघ होते. गिल स्वतः नामांकित शिकारी होते. पारो या येथल्याच स्त्रीशी त्यांचे जीव जडले. २३ मे १८५६ रोजी पटकीने तिचा अंत झाला. अजिंठा गावात तिची कबर आहे. मराठी वाचकाला ही कथा ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे परिचयाची आहे. परंतु या प्रेमकथेच्या प्रकाशात गिल यांचे दुसरे काम झाकले जाते. ते काम म्हणजे छायाचित्रणाचे.

१८५० नंतरच्या दशकात गिल यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हा रूढ होती. काचेवर रसायन पसरायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्याआधी ती धुवायची. त्यामुळे अंधारा तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी हे सारे छायाचित्रकाराबरोबर फिरत असे. उन्हाळ्यात काच मिनिटांत वाळून जाई.

लेन्सचीही तीच तऱ्हा होती. एका साध्या भिंगातून येणारे चित्र मध्यभागी स्वच्छ आणि कडेला अस्पष्ट असते. भिंगाच्या कडेचे किरण एका ठिकाणी मिळतात आणि मधले दुसऱ्या ठिकाणी. तांबडा रंग एका अंतरावर एकवटतो आणि निळा दुसऱ्या. या दोषांना शास्त्रात विपथन म्हणतात. व्हिएन्नातील गणिती पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणित मांडून चार भिंगांची पहिली वेगवान लेन्स सिद्ध केली. त्या आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्याची माणसे मदतीला मिळाली होती. एका भिंगाचा दोष दुसऱ्या भिंगाच्या उलट दोषाने खोडून काढायचा, हेच या विद्येचे सार आहे.

तथापि त्या काळच्या लेन्सचे नाभीय अंतर ठरलेले असे. दृश्य मोठे हवे तर पुढे जा, सगळे एका चित्रात हवे तर मागे सरा. अजिंठ्याच्या कड्यावर मागे सरायला जागा कोठे? चार पावलांवर दरी! झूम लेन्समध्ये भिंगांचे निदान दोन गट असतात. त्यांतले अंतर बदलले की सगळ्या लेन्सचे मिळून होणारे नाभीय अंतर बदलते, आणि दोन्ही गट हिशोबाने सरकवले की प्रतिमा फिल्मवर किंवा आजच्या संवेदकावर स्थिर राहते. ऐकायला हे सोपे वाटते. पण एका स्थितीत खोडलेला दोष गट सरकताच पुन्हा डोके वर काढतो. त्यातून लेन्स आखूड व हलकी हवी असेल तर प्रत्येक गटाची शक्ती वाढवावी लागते, आणि शक्ती वाढली की दोषही वाढतात. मग आणखी भिंगे, निराळ्या जातीची काच, गोलाकार नसलेले पृष्ठभाग असे उपाय करावे लागतात. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स बाजारात यायला १९५९ साल उजाडले. लहान आकार, मोठा पल्ला आणि स्वच्छ चित्र या तिन्ही गोष्टी पूर्णपणे कधीच एकत्र मिळत नाहीत. आरेखन करणारा त्यांच्यात तडजोड घडवून आणतो, इतकेच.

गिल यांनीही आपल्या परीने अशीच तडजोड साधली. त्यांनी जोडचित्रे घेतली. दोन डोळ्यांसारख्या दोन दृष्टिस्थानांवरून एकाच दृश्याची दोन लहान चित्रे घ्यायची आणि ती एका साधनातून एकत्र पाहिली की दगडाला खोली प्राप्त होते. चित्र लहान असल्याने त्याला आखूड नाभीय अंतराची लेन्स पुरते. तिच्यात जवळचा खांब आणि दूरची मूर्ती दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. १८६४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला निघाली. एकात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व निसर्ग यांची १०० जोडचित्रे होती, तर दुसऱ्यात लेण्यांची ७४ छायाचित्रे. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसन यांचा होता.

पण एक गोष्ट कॅमेऱ्याला साधली नाही. ओल्या कोलोडियनला निळा प्रकाश कळतो. तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळतच नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू आणि पिवळी माती यांचेच राज्य! शिवाय आत अंधार. म्हणून कमानी, खांब आणि मूर्ती कॅमेऱ्याने टिपल्या आणि रंगासाठी गिल यांना कुंचल्याकडेच परतावे लागले.

त्यांनी केलेली मोठी तैलचित्रे लंडनला गेली आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीच्या उत्तर भागाला आग लागली. सुमारे वीस वर्षांचे श्रम एका दिवसात जळून गेले. प्रदर्शनात नसलेली मोजकी चित्रे तेवढी वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

साठी ओलांडलेल्या माणसावर हा केवढा आघात! तरी गिल यांनी अजिंठा सोडला नाही. काम पुन्हा करण्याची त्यांची तयारी होती आणि जमेल तसे ते करीत राहिले. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह येथे येऊ लागले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत नष्ट झाल्या. ते पाहायला मात्र गिल उरले नव्हते. १० एप्रिल १८७९ रोजी आजारी अवस्थेत भुसावळकडे नेत असताना त्यांचा मृत्यू झाला. भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत ते विसावले आहेत.

पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी फर्दापूरला तळ दिला. नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण चित्रकार त्यांच्याबरोबर होते. त्यांच्याही हाती कुंचलाच होता. भिंतींवर प्रखर दिवे न टाकता मंद प्रकाशात त्या रंगांची छायाचित्रे घेणे बिनॉय बहल यांना साधले ते १९९० नंतरच्या दशकात. म्हणजे गिल यांच्या हयातीत भिंग आणि रंग यांची भेट झाली नाही.

गिल यांच्या आयुष्याकडे पाहिले की एक विचार मनात येतो. ज्या कामासाठी त्यांना नेमले होते ते बहुतेक जळाले; जोडीला म्हणून केलेले काम टिकले. कारण उघड आहे. तैलचित्र एकच असते. ते जळाले की संपले. काचेवरच्या एका प्रतिमेच्या मात्र कितीतरी प्रती निघतात आणि त्या ठिकठिकाणी पोचतात. गिल यांच्या छायाचित्रांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही पाहता येतात. अर्थात जे वाचले ते दगडाचे रूप; त्यांनी जीव ओतून उतरवलेला रंग बहुतांशी गेलाच. या हिशोबात जमा आणि खर्च दोन्ही आहेत.

परतताना फर्दापूरच्या फाट्यावर आम्ही बसची वाट पाहत होतो. मित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिवसभराची चित्रे पाहत होता. शेकडो होती. मी त्याला एवढेच म्हटले, की घरी गेल्यावर यांची आणखी एक प्रत काढून दुसऱ्या जागी ठेव. तो हसला. त्याला गिलसाहेबांची सगळी हकीकत मी नंतर बसमध्ये सांगितली.