कुरणात शाळा भरवणाऱ्या ताराबाई मोडक

 ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या काळी मुली फारशा शिकत नसत, पण ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या.

पुढे त्या राजकोटला गेल्या. तिथे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या त्या प्रमुख झाल्या. मोठी नोकरी होती, पण ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात लहान मुलांना शिकवायला गेल्या. तिथे मुलांना मारत नसत. ताराबाईंची भाषा मराठी आणि तिथली मुले गुजराथी बोलणारी. ताराबाईंनी दोन्ही भाषांत काम केले. गिजुभाईंची शिक्षण पत्रिका गुजराथीत निघायची, ती त्यांनी मराठीतही काढली. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला.

शहरातल्या बालमंदिरातली साधने फार महाग असत. मग खेड्यातल्या गरीब पोरांनी काय करायचे? म्हणून १९४५ साली ताराबाई समुद्राकाठच्या बोर्डी गावी आल्या. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. माझी आजी ५३ ची आहे, ती म्हणते आता गुडघे दुखतात. अनुताई वाघ या त्यांच्या सोबत होत्या. त्यांनी दगड, पाने, फुले, बिया, शिंपले हीच साधने केली. ती फुकट मिळतात आणि मुलांच्या ओळखीची असतात.

पण मुले बालवाडीत येईनात. मग बाईच मुलांच्या वस्तीत गेल्या आणि अंगणातच शाळा भरवली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी नि खेळ. तीच अंगणवाडी.

१९५७ साली ही संस्था डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथे वारली आदिवासी राहतात. त्यांची मुले घरी वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटणारच. मला हे लगेच समजले, कारण आमच्या घरी अहिराणी बोलतात. घरी मुलाला आंडोर म्हणतात. पहिलीत पुस्तकातला मुलगा म्हणजे आमचा आंडोरच, हे मला कळायला किती दिवस लागले! पण झाडाचे पान हातात दिले की कोणतीही भाषा असू दे, समजतेच.

वारल्यांची मोठी मुले ढोरे राखायला जायची. मग काय, शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. ढोरे चरत आणि मुले तिथेच झाडाखाली शिकत. तिला कुरणशाळा म्हणतात. मला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडली. आमच्या गल्लीतली एक मुलगी माझ्याबरोबर तिसरीपर्यंत होती. तिचे पाढे माझ्याहून पक्के होते. यंदा ती बकऱ्या घेऊन नाल्याकडे जाते. तिचे आईबाबा आज इथे आले असतील तर त्यांनी एवढा परिच्छेद तरी वाचावा.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढचे काम अनुताईंनी चालवले. १९७५ साली सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली, ती मात्र ताराबाईंना बघायला मिळाली नाही. माझी धाकटी बहीण आमच्या गावच्या अंगणवाडीत जाते. तिथल्या ताई तिच्याशी अहिराणीतच बोलतात.