हुआन रुल्फो

हुआन रुल्फो (१६ मे १९१७ – ७ जानेवारी १९८६) हे स्पॅनिश भाषेत लिहिणारे मेक्सिकन कथाकार, कादंबरीकार व छायाचित्रकार होते. एक कथासंग्रह आणि एक छोटी कादंबरी एवढ्यावरच त्यांची साहित्यिक कीर्ती उभी आहे. त्यांची छायाचित्रे मात्र वाचकांसमोर फार उशिरा आली.

जीवन

रुल्फो यांचे बालपण हालिस्को राज्याच्या दक्षिण भागातील सान गाब्रिएल या गावी गेले. १९२३ साली त्यांच्या वडिलांचा खून झाला व १९२७ मध्ये आईचेही निधन झाले. याच काळात शासन आणि कॅथलिक चर्चचे समर्थक यांच्यातील क्रिस्तेरो युद्धात हा प्रदेश होरपळत होता. गावच्या धर्मगुरूंनी आपला ग्रंथसंग्रह रुल्फो यांच्या आजीच्या घरी ठेवला होता. त्यांना वाचनाची गोडी तेथेच लागली. पुढे ते ग्वादालाहारा येथील अनाथाश्रमात राहिले. मेक्सिको सिटीत त्यांनी सरकारी नोकरी केली आणि नंतर एका टायर कंपनीचे फिरते विक्रेते म्हणून देशभर प्रवास केला. १९४८ मध्ये क्लारा अपारिसियो यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

लेखन

लेखनवृत्ती मिळाल्यानंतर ‘एल यानो एन यामास’ हा कथासंग्रह १९५३ मध्ये आणि ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. वडिलांच्या शोधात कोमाला या गावी आलेल्या तरुणाला तेथे केवळ मृतांचे आवाज ऐकू येतात, असे कादंबरीचे कथानक आहे. काळाचा क्रम मोडून लहान तुकड्यांत सांगितलेली ही कथा आरंभी अनेकांना दुर्बोध वाटली. पहिली आवृत्ती जेमतेम दोन हजार प्रतींची होती. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी पुढे तिचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

त्यानंतरच्या तीस वर्षांत रुल्फो यांनी फारच थोडे साहित्य प्रकाशित केले. ‘ला कोर्दियेरा’ या नियोजित कादंबरीची चर्चा बरीच झाली, पण ती कधीच बाहेर आली नाही. आपल्याला गोष्टी सांगणारे काका वारले म्हणून लेखन थांबले, असे उत्तर ते विचारणाऱ्यांना देत. ते विनोदानेच घ्यावयाचे. १९६२ पासून अखेरपर्यंत ते आदिवासी समाजांसाठी असलेल्या राष्ट्रीय संस्थेत कार्यरत होते आणि तेथे त्यांनी मानववंशशास्त्रीय ग्रंथांचे संपादन केले. इतरांच्या पुस्तकांवर त्यांनी खर्च केलेल्या या वर्षांची दखल समीक्षकांनी फारशी घेतलेली नाही.

छायाचित्रण

रुल्फो यांनी मागे ठेवलेल्या निगेटिव्हची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. त्यांची काही छायाचित्रे १९४९ मध्ये ‘आमेरिका’ या नियतकालिकात छापली गेली होती. परंतु मोठे प्रदर्शन भरण्यास १९८० साल उजाडले. ते मेक्सिको सिटीतील पालासियो दे बेयास आर्तेस येथे झाले. पडक्या हवेल्या, ओसाड चर्च, कोरडी माळराने, रेल्वेचे रूळ आणि कॅमेऱ्याकडे क्वचितच पाहणारी ग्रामीण माणसे हे त्यांचे कृष्णधवल विषय. ही चित्रे कादंबरीची सजावट म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. ती फारशी न्याय्य नाही, कारण त्यांपैकी अनेक चित्रे कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वीच टिपलेली आहेत.

१९८३ मध्ये त्यांना स्पेनचा प्रिन्सिपे दे आस्तुरियास पुरस्कार मिळाला. मेक्सिको सिटी येथे त्यांचे निधन झाले.