धान्यकोठीपासून सिद्धगडापर्यंत : हुतात्मा भाई कोतवाल

कर्जत, नेरळ आणि मुरबाड परिसरातील नागरिक दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी एकत्र येतात. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या दोघांना येथे हौतात्म्य आले. भाषणांत विजेचे मनोरे, आझाद दस्ता आणि पोलिसांची गोळी यांचा उल्लेख हमखास होतो. त्याआधीची काही वर्षे कोतवालांनी कर्जत तालुक्यातील खेड्यांत शाळा आणि धान्यकोठ्या उभारण्यात घालवली, हा भाग मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो. वास्तविक त्या वर्षांवाचून पुढील तीन महिन्यांचा लढा समजतच नाही.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान तेव्हा युरोपियन अधिकारी आणि मुंबईतील धनिक यांचे विश्रामस्थान होते. १९०७ पासून नेरळहून छोटी आगगाडी वर जात असे. पाहुण्यांचे बंगले एकीकडे आणि त्यांची ओझी वाहणारी, घोडी हाकणारी, हजामत करणारी माणसे दुसरीकडे, अशी या गावाची सरळ विभागणी होती. कोतवाल दुसऱ्या बाजूचे. परिस्थितीशी झगडत त्यांनी वकिलीची पदवी मिळवली. त्या काळात नाभिक समाजातील तरुणाने येथवर मजल मारणे ही साधी गोष्ट नव्हती. शहरात राहून वकिली करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण ते माथेरानला परतले आणि तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले.

डोंगराखालच्या खेड्यांची स्थिती याहून बिकट होती. उल्हास नदीच्या खोऱ्यात पीक मुख्यतः भाताचे आणि तेही वर्षातून एकदाच. कुळाचा खंड आणि सावकाराचे देणे भागवल्यावर कणगीत उरलेला दाणा पावसाळ्यापर्यंत पुरत नसे. मग ऐन आवणीच्या दिवसांत सावकाराकडून खावटी उचलायची आणि सुगीला ती सवाई-दिढीने फेडायची. एका वर्षाची खावटी दुसऱ्या वर्षाचे पीक खाऊन टाकी. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर तर फेडण्यासाठी अंगमेहनतीखेरीज काहीच नसे.

कोतवालांनी या दुष्टचक्राच्या मुळालाच हात घातला. शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. कल्पना साधी होती. सुगीच्या वेळी गावातच धान्य साठवायचे आणि अडचणीच्या महिन्यांत ते गरजूला द्यायचे, म्हणजे त्याला सावकाराची पायरी चढावी लागू नये. सोबतच तालुक्यात स्वयंसेवी शाळा सुरू झाल्या. ज्याला हिशेब वाचता येत नाही, त्याला अंगठा कशावर उमटवला हेही कळत नाही. म्हणून कोठी आणि शाळा ही दोन वेगळी कामे नव्हती, असे म्हणावेसे वाटते.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला असे प्रयत्न नवे नव्हते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे संप चालवला. कर्जतमधील काम त्या मानाने शांत होते. त्यात मोर्चे नव्हते, म्हणूनच कदाचित त्याची नोंदही कमी झाली.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत चले जावचा ठराव झाला आणि नेत्यांची धरपकड सुरू झाली. कोतवाल भूमिगत झाले. त्यांनी उभारलेल्या आझाद दस्त्यात सुमारे ५० जण होते आणि ते कोण होते हे पाहण्यासारखे आहे. त्यांत शेतकरी होते आणि त्याच स्वयंसेवी शाळांतील शिक्षक होते. मानिवलीचे हिराजी पाटील आणि त्यांचे वडील गोमाजी पाटील हे दोघेही या लढ्यात उतरले.

दस्त्याने लक्ष्य निवडले ते विजेचे. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजघर १९१५ पासून, तर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवीत होते. महायुद्धाच्या काळात या पुरवठ्याचे महत्त्व आणखी वाढले होते. उच्च दाबाच्या तारा ज्या खेड्यांवरून जात, तेथील घरांत मात्र रॉकेलची चिमणीच जळत असे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडले. कारखाने आणि रेल्वे यांना त्याचा फटका बसला.

सरकारने कोतवालांना पकडून देणाऱ्यास २,५०० रुपयांचे इनाम जाहीर केले. खावटीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम किती मोठी होती, हे सांगायला नको. तरीही ज्यांना त्या पैशाची सर्वाधिक गरज होती, त्या वाड्यावस्त्यांतून कोतवाल पोलिसांच्या हाती लागले नाहीत. सिद्धगडच्या जंगलातील ठावठिकाणा अखेर कळवला तो त्या भागातील एका जमीनदाराने, असे या लढ्याचा इतिहास सांगतो.

पोलीस अधिकारी हॉल आणि स्टॅफर्ड यांच्या तुकडीने २ जानेवारी १९४३ रोजी तळावर हल्ला चढवला. त्या चकमकीत हिराजी पाटील आणि भाई कोतवाल धारातीर्थी पडले. कोतवालांनी नुकतीच वयाची तिशी पूर्ण केली होती.

कूळकायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १९४८ मध्ये झाला. कोतवालांचे नाव पुढे माथेरानमध्ये आणि दादरला प्लाझा चित्रपटगृहालगतच्या उद्यानाला मिळाले. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. धान्यकोठ्यांची खूण मात्र कर्जत तालुक्यातील कोणत्याही रस्त्याच्या वा चौकाच्या नावात आमच्या तरी पाहण्यात आलेली नाही.