मुर्नाऊ : भयकथेचे माध्यमांतर

साहित्यकृतीवरून चित्रपट निर्माण झाला की मूळ कृतीशी त्याची निष्ठा कितपत आहे, हाच प्रश्न समीक्षेत बहुधा प्रथम उपस्थित केला जातो. हा निकष किती अपुरा आहे, याची साक्ष जर्मन दिग्दर्शक फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ यांच्या कारकिर्दीतून मिळते.

मुर्नाऊ यांचा जन्म २८ डिसेंबर १८८८ रोजी बीलेफेल्ड येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव प्लुम्पे; मुर्नाऊ हे बव्हेरियातील एका गावाचे नाव त्यांनी पुढे धारण केले. हायडेलबर्ग येथे साहित्य व कलेचा इतिहास अभ्यासल्यानंतर ते माक्स राइनहार्ट यांच्या रंगभूमीकडे वळले. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते आणि स्वित्झर्लंडमध्ये विमान उतरल्यामुळे त्यांना तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. १९१९ पासून ते चित्रपट दिग्दर्शित करू लागले. स्टीव्हन्सनच्या जेकिल व हाइड यांच्या कथेवर त्यांनी १९२० मध्ये केलेला मूकपट आज उपलब्ध नाही.

१९२२ चा 'नोस्फेरातू' हा ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीवर आधारलेला होता. तथापि निर्मात्यांनी हक्क घेतलेले नव्हते. पात्रांची नावे बदलून कथानक जर्मन बंदरनगरीत नेण्यात आले. स्टोकर यांच्या पत्नीने दावा दाखल केला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती शिल्लक राहिल्या, म्हणूनच हा चित्रपट आज पाहता येतो.

कादंबरीतील भय रोजनिशी, पत्रे व वृत्तपत्रीय कात्रणे यांतून क्रमाक्रमाने साकारते. मुर्नाऊंनी ते जिन्यावरून चढणाऱ्या सावलीत एकवटले. याहून महत्त्वाचा बदल शेवटात आहे. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही वावरतो, केवळ त्याची शक्ती क्षीण होते. मूकपटातील काउंट ऑर्लोक मात्र सूर्यकिरणांनी नाहीसा होतो. पाठलाग करणाऱ्या पुरुषांच्या जागी नायिकेचे आत्मबलिदान निर्णायक ठरते. सूर्यप्रकाशाने पिशाच्चाचा अंत होण्याचा हा संकेत पुढील भयकथांनी इतका आत्मसात केला की तो मूळ कादंबरीतलाच वाटावा.

'फाउस्ट' (१९२६) मध्ये त्यांनी लोककथा व गटे यांचा आधार घेऊन नगरावर पंख पसरणारा मेफिस्टो उभा केला. त्यानंतर ते अमेरिकेत गेले. झुडरमानच्या कथेवर आधारित 'सनराइज' (१९२७) मध्ये मूळ शोकान्ताचे रूपांतर पुनर्मीलनात झाले. ११ मार्च १९३१ रोजी, 'टाबू' हा त्यांचा अखेरचा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी काही दिवस, मोटार अपघातातील जखमांमुळे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ४२ वर्षांचे होते.

'नोस्फेरातू'च्या निर्मात्यांनी लेखकाच्या वारसाचा हक्क डावलला, हे नाकारता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते रूपांतर अपहार होते. वाङ्मयीन दृष्टीने मात्र त्याने मूळ कृतीच्या परंपरेत भर घातली. रूपांतराच्या अभ्यासकाने हे दोन्ही निर्णय एकाच वेळी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.