रॉबर्ट स्टीफनसन

इंग्लंडच्या ईशान्येस, न्यूकॅसल शहराजवळ १८०३ साली रॉबर्ट स्टीफनसन याचा जन्म झाला. त्याचे वडील जॉर्ज कोळशाच्या खाणीवर वाफेचे यंत्र सांभाळीत. अठरा वर्षांचे होईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. मुलाची तरी अशी गत होऊ नये, म्हणून त्यांनी रॉबर्टला न्यूकॅसलच्या शाळेत घातले. तो गाढवावर बसून शाळेस जाई, शहरातील ग्रंथालयातून पुस्तके आणी आणि रात्री बापलेक ती मिळून अभ्यासीत. शाळेत जाणारा एक. शिकणारे मात्र दोघे!

१८२३ साली पितापुत्रांनी इतरांच्या साहाय्याने इंजिनांचा कारखाना काढला. १८२९ मध्ये रेनहिल येथील चाचणीत त्यांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने पाचशे पौंडांचे बक्षीस जिंकले. पुढे लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग रॉबर्ट यांनीच बांधला.

त्या काळी प्रत्येक लोहमार्गास पार्लमेंटचा कायदा लागे. त्यामुळे तेथील समित्यांपुढे साक्ष देण्याचे काम त्यांच्या अंगवळणी पडले होते. अशा वेळी, २४ मे १८४७ रोजी, चेस्टरजवळ डी नदीवरील त्यांच्या पुलाची ओतीव लोखंडाची तुळई गाडीखाली मोडली. डबे नदीत कोसळले. पाच माणसे दगावली. कीर्तिमान पुरुषावर याहून कठीण प्रसंग तो कोणता? त्यानंतर दोनच महिन्यांनी व्हिट्बी मतदारसंघाने त्यांना पार्लमेंटवर निवडून दिले, आणि मृत्यूपर्यंत ते सभासद राहिले.

सभासद झाल्यावरही त्यांची बांधकामे थांबली नाहीत. मेनाई सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलासाठी त्यांनी घडीव लोखंडाच्या प्रचंड नळ्या योजिल्या. आधी लहान नमुने करवून, ते भाराखाली मोडेपर्यंत तपासून घेतले होते. १८५० साली हा पूल खुला झाला. आपल्याकडील मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला, तो बांधणाऱ्या कंपनीचेही ते सल्लागार अभियंता होते.

सभागृहात यंत्रविद्येचा प्रश्न निघाला म्हणजे त्यांच्या शब्दास वजन असे. परंतु जाणत्या माणसाचाही अंदाज चुकतो. सुएझचा कालवा व्यवहार्य नाही, असे त्यांनी १८५८ साली सभागृहात ठासून सांगितले. वस्तुतः ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया-कैरो लोहमार्ग त्यांनीच बांधला होता. तेव्हा कालव्याविषयी त्यांचे मत निःपक्षपाती होते काय, अशी शंका येणे साहजिक आहे.

१२ ऑक्टोबर १८५९ रोजी ते निवर्तले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुएझ कालव्याच्या खोदाईस प्रारंभ झाला होता. १८६९ साली त्या कालव्यातून जहाजे गेली आणि मुंबईहून इंग्लंडला जाण्याचा जलमार्ग हजारो मैलांनी कमी झाला.